पाच मीटर वायर, सात सेकंदांची चिठ्ठी: ईव्हीएम-व्हीव्हीपॅट संचाचं परीक्षण

ईव्हीएमवर बोलणाऱ्यांचे दोन गट ठरलेले आहेत. एकाला यंत्र सोवळं वाटतं, दुसऱ्याला ते सैतानी वाटतं. या दोघांपैकी फार थोड्यांनी कंट्रोल युनिटच्या निकाल विभागाचं झाकण उघडून पाहिलेलं असतं. इथे त्या वादात न पडता यंत्राकडे एक वस्तू म्हणून पाहायचं आहे. संचात काय येतं, तो जोडायचा कसा, पहाटे साडेपाचला काय अडतं, संध्याकाळी काय विसरतं आणि त्या विसराळूपणाचा भुर्दंड मोजणीच्या दिवशी कोणाला पडतो, एवढंच. परीक्षण आहे सध्या लोकसभा-विधानसभेला वापरात असलेल्या एम-३ पिढीच्या संचाचं.

डब्यात काय येतं

संच तीन नगांचा. केंद्राध्यक्षाच्या बाजूला, तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर राहतं ते कंट्रोल युनिट, म्हणजे सीयू. मतदान कक्षात आडोशाला राहतात बॅलट युनिट (बीयू) आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारा प्रिंटर. बीयूवर १६ निळी बटणं, प्रत्येकाशेजारी लाल दिवा आणि अंध मतदारांसाठी ब्रेल आकडे. उमेदवार आणि ‘नोटा’ मिळून १६ च्या वर गेले की दुसरं बीयू जोडायचं. एम-३ ला अशी २४ बीयू जोडता येतात, म्हणजे ३८४ नावं. आधीच्या एम-२ ची धाव चार बीयू आणि ६४ नावांपर्यंतच होती. २४ हा आकडा ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण २०१९ मध्ये निजामाबाद लोकसभा मतदारसंघात शेतकऱ्यांनी निषेध म्हणून अर्ज भरले, १८५ उमेदवार उभे राहिले आणि एकेका केंद्रावर १२ बीयू मांडावी लागली. यंत्राने ते पेललं. आपलं चिन्ह शोधत बारा फलक पालथे घालणाऱ्या मतदाराची सोय मात्र कोणत्याच अभियंत्याच्या हातात नव्हती.

सीयूची क्षमता २,००० मतांची. एका केंद्राला इतके मतदार जोडलेच जात नाहीत, त्यामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात कधी टोचत नाही. खरी टोचणारी मर्यादा व्हीव्हीपॅटच्या कागदाची आहे. एका रोलमधून सुमारे १,५०० चिठ्ठ्या निघतात आणि त्यातल्या काही चाचणी व अभिरूप मतदानात, म्हणजे सगळे ज्याला मॉकपोल म्हणतात त्यात, खर्ची पडतात.

बनवणाऱ्या कंपन्या दोनच: बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. दोन्ही सरकारी. १९८९-९० मध्ये घेतलेल्या यंत्राला साडेपाच हजार रुपये पडले होते, एम-३ ला निवडणूक आयोगाच्याच सांगण्यानुसार सुमारे १७,००० रुपये पडतात. आयुष्य १५ वर्षांचं धरलेलं आहे. ज्या वस्तूकडून वायफाय, ब्लूटूथ, इंटरनेट यातलं काहीही नसण्याचीच अपेक्षा आहे, तिला हा भाव महाग म्हणता येणार नाही.

वस्तूचा इतिहासही गमतीचा आहे. १९८२ मध्ये केरळातल्या परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर ही यंत्रं पहिल्यांदा वापरली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरचं मतदान रद्द केलं. यंत्र बिघडलं होतं म्हणून नव्हे, तर कायद्यात यंत्राने मत घेण्याची तरतूदच नव्हती म्हणून. मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-ए हे कलम आलं. १९९९ मध्ये गोव्याची संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रावर झाली आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सगळ्या ५४३ जागा.

जोडणी: सोपी, पण एक खटका घात करतो

क्रम लक्षात ठेवायला अवघड नाही. बीयूची वायर व्हीव्हीपॅटमध्ये, व्हीव्हीपॅटची वायर सीयूमध्ये. वायर पाच मीटरची असते, त्यामुळे वर्गखोलीत टेबल आणि कक्ष यांच्यात पुरेसं अंतर ठेवता येतं. ती मतदारांच्या पायात येणार नाही अशी भिंतीच्या कडेने न्यायची. जोडताना किंवा काढताना सीयूचा पॉवर स्विच बंदच हवा. प्लग काढताना दोन्ही बाजूंचे क्लिप दाबून सरळ ओढायचा. घाईत वायरीला हिसका दिला की पिना वाकतात आणि मग सीयूच्या पडद्यावर ‘लिंक एरर’ येऊन बसतो. हा संदेश दिसला की दहातल्या नऊ लोकांना यंत्र बिघडल्याची धास्ती बसते. बहुतेकदा प्लग पूर्ण बसलेला नसतो, एवढंच.

घात करणारा खटका म्हणजे व्हीव्हीपॅटच्या पाठीमागचा पेपर रोल नॉब. वाहतुकीत रोल हलू नये म्हणून तो आडवा, म्हणजे लॉक केलेला असतो. सीयू चालू करण्याआधी तो उभा करायचा. तो आडवाच ठेवून यंत्र चालू केलं तर कागद पुढे सरकत नाही, व्हीव्हीपॅट चूक दाखवतं आणि चांगला नग ‘नादुरुस्त’ म्हणून परत जातो. संध्याकाळी सीयू बंद केल्यावर नॉब पुन्हा आडवा करायचा. प्रशिक्षणात हे दहा वेळा सांगतात आणि तरी पहाटेच्या अर्धवट झोपेत नेमकं हेच निसटतं. रचनेची खोट इथे स्पष्ट आहे: नॉब मागे, अशा जागी आहे की यंत्र टेबलावर मांडल्यावर तो दिसतच नाही. समोरच्या बाजूला रंगीत खूण असती तर यंत्रांच्या निम्म्या बदल्या टळल्या असत्या.

सीयू चालू केला की व्हीव्हीपॅट सात चाचणी-चिठ्ठ्या छापून खालच्या पेटीत टाकतं. त्या मतं नाहीत. पण दिवसात कोणत्याही कारणाने सीयू बंद-चालू झाला की आणखी सात पडतात आणि पेटीत मिसळतात. मोजणीत त्या वेगळ्या काढाव्या लागतात. म्हणून ‘जरा बंद करून बघा’ हा घरातल्या टीव्हीचा उपाय इथे चालत नाही.

मॉकपोल आणि सीआरसी: सगळ्या गोंधळाची जननी

मतदान सात वाजता सुरू होणार असेल तर मॉकपोल ९० मिनिटं आधी, म्हणजे साडेपाचला. उमेदवारांचे प्रतिनिधी आलेले नसतील तर १५ मिनिटं थांबायचं, मग सुरू करायचं. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कोणाला किती टाकली याचा हिशेब कागदावर ठेवायचा. मग क्लोज दाबायचं, रिझल्ट दाबून आकडे जुळवायचे आणि क्लिअर दाबून ते पुसायचे. क्लोज-रिझल्ट-क्लिअर, म्हणजे सीआरसी. त्यानंतर टोटल दाबून पडद्यावर शून्य दिसतंय हे प्रतिनिधींना दाखवायचं. व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढून त्यांची मोजणी सीयूच्या आकड्यांशी ताडायची, प्रत्येकीच्या पाठीवर ‘मॉकपोल स्लिप’ असा शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालून सह्या घ्यायच्या, लिफाफा प्लास्टिकच्या डबीत आणि डबीवर गुलाबी कागदी मोहोर.

इथे दोन चुका होतात आणि दोन्ही महागात जातात. पहिली म्हणजे सीआरसीच विसरणं. मतं टाकून झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला आणि क्लोज न दाबताच थेट मतदान सुरू. मग संध्याकाळी सीयूमधली एकूण मतं आणि १७-ए या मतदारांच्या नोंदवहीतले मतदार यांच्यात ५० चा फरक. दुसरी म्हणजे सीयू पुसला, पण पेटीतल्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. मग सीयू बरोबर आणि चिठ्ठ्या जास्त. यंत्र दोन्ही वेळा निर्दोष असतं.

याचं सर्वोच्च न्यायालयात गाजलेलं उदाहरण आंध्र प्रदेशातलं आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात नोंदलं आहे की तोवर ४१,६२९ केंद्रांवर ४ कोटींहून अधिक चिठ्ठ्या सीयूच्या आकड्यांशी ताडल्या गेल्या आणि तफावत आढळली ती मैदुकूर मतदारसंघातल्या ६३ क्रमांकाच्या केंद्रावर, २०१९ च्या निवडणुकीत. कारण: केंद्राध्यक्षाने मॉकपोलची मतं पुसली नव्हती.

रचनाकाराला इथे गुण कापावेत असं प्रामाणिकपणे वाटतं. मॉकपोलची मतं न पुसता मतदान सुरूच होणार नाही अशी अट यंत्रात घालता आली असती. सध्या ती अट माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडलेली आहे आणि माणूस आदल्या दिवशी साहित्य घेऊन, बसने गावी पोहोचून, शाळेच्या बाकावर चार तास झोपून उठलेला असतो. अशी केंद्रं आयोग मोजणीत बाजूला ठेवतो. विजयाचं अंतर त्या केंद्रांच्या एकूण मतांपेक्षा मोठं असेल तर ती मोजलीच जात नाहीत. कमी किंवा तेवढंच असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. म्हणजे एका बटणाच्या विसरण्याने अख्ख्या गावाचं मत ‘गरज पडली तर’ या रांगेत जातं.

सीलबंदी

सीआरसी झालं की निकाल विभागाच्या आतल्या दारातून हिरवी कागदी मोहोर ओवायची. तिच्यावर केंद्राध्यक्ष आणि प्रतिनिधींच्या सह्या, आणि तिचा क्रमांक प्रतिनिधींनी स्वतःकडे लिहून घ्यायचा. मग स्पेशल टॅग, बाहेरचं झाकण, आणि शेवटी सीयूला वेढा घालणारं स्ट्रिप सील. स्ट्रिप सीलची ए, बी, सी, डी ही टोकं क्रमाने चिकटवायची असतात आणि ते चिकटवताना क्लोज बटणाची रबरी टोपी झाकली गेली तर संध्याकाळी पंचाईत. हातात सवय नसेल तर या कामाला पंधरा मिनिटं सहज जातात. गोंद चांगला आहे, कागद फाडल्याशिवाय निघत नाही. हिरव्या मोहोरेला फटीतून ओवताना चीर पडली तर ती वापरायची नाही, दुसरी घ्यायची आणि खराब झालेलीचा क्रमांक नोंदवायचा. खराब मोहोर खिशात घालून टाकून देणं हा निष्पाप पण संशयाला आमंत्रण देणारा प्रकार आहे.

व्हीव्हीपॅट: संचातला नाजूक नग

सीयू आणि बीयू हे दणकट, अडाणी नग आहेत, आणि अडाणी हा इथे गौरव आहे. व्हीव्हीपॅट मात्र प्रिंटर आहे आणि प्रिंटर जगात कुठेही असला तरी प्रिंटरसारखाच वागतो.

बटण दाबलं की काळसर काचेमागे दिवा लागतो, ५६ मिलिमीटर रुंद आणि ९९ मिलिमीटर लांब चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह. सात सेकंदांनी ती कापली जाऊन पेटीत पडते आणि सीयूतून लांब बीप येतो. सात सेकंद सवयीच्या माणसाला पुरतात. पहिल्यांदा मत देणाऱ्याची किंवा मोतीबिंदू झालेल्या आजींची नजर लाल दिव्यावरून काचेवर जाईपर्यंत त्यातले तीन गेलेले असतात. दिवा विझल्यावर काचेतून आतलं काही दिसत नाही. गुप्ततेसाठी ते ठीक आहे, पण वेळ दहा सेकंद केला असता तर काही बिघडलं नसतं. सात ते सहा अशा अकरा तासांत ७०० मतं पडली तरी एका मतामागे जवळपास मिनिटभर मिळतो. तीन सेकंदांनी रांग लांबत नाही. रांग लांबते ती यादीत नाव शोधताना.

प्रकाश हा व्हीव्हीपॅटचा जुना वैरी. छपाई ठीक झाली का हे तपासणारा कॉन्ट्रास्ट सेन्सर थेट उजेडात गोंधळतो. २८ मे २०१८ ला भंडारा-गोंदिया आणि उत्तर प्रदेशातल्या कैराना इथे लोकसभेच्या पोटनिवडणुका झाल्या तेव्हा हे ढळढळीत दिसलं. व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येने बंद पडली आणि ३० मे रोजी भंडारा-गोंदियात ४९, तर कैरानात ७३ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. विदर्भातला मे महिना, उघड्या खिडक्या आणि सेन्सरवर पडणारा प्रखर उजेड. त्यानंतर सेन्सरवर आच्छादन आलं आणि दमट हवा न शोषणारा कागद आला. सुधारणा खरी आहे, तरी नियम तोच: कक्ष खिडकीसमोर मांडायचा नाही, डोक्यावर थेट बल्ब किंवा ट्यूब नको. मग कक्षात अंधार होतो आणि मतदार तक्रार करतात. दोन्हीचा मेळ घालायचा तर उजेड मतदाराच्या पाठीमागून, तिरपा यायला हवा. आदल्या संध्याकाळी मांडणी करताना उद्या दुपारी ऊन कुठून येणार हे विचारून घ्यावं. शाळेच्या शिपाईमामांना ते कोणत्याही हस्तपुस्तिकेपेक्षा जास्त माहीत असतं.

चिठ्ठी अर्धवट लोंबकळून राहिली तर? तिला हात लावायचा नाही, ठोकून खाली पाडायची नाही. चिठ्ठी कापली गेलेली नसेल तर सीयूमध्ये मतही नोंदलेलं नसतं. व्हीव्हीपॅट बदलायचं आणि त्याच मतदाराला पुन्हा मत देऊ द्यायचं. लोंबणारी चिठ्ठी मोजणीत धरत नाहीत. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि तिचं कौतुक फार थोडे करतात.

बदलीचे नियम घोटून ठेवण्यासारखे आहेत, कारण गडबड नेमकी इथेच होते. मॉकपोल चालू असताना जो नग बिघडला तेवढाच बदलायचा. प्रत्यक्ष मतदानात सीयू किंवा बीयू बिघडलं तर तिन्ही नगांचा पूर्ण संच बदलायचा आणि प्रत्येक उमेदवाराला व नोटाला एकेक मत टाकून पुन्हा छोटा मॉकपोल घ्यायचा. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलायचं, मॉकपोल नाही. जुन्या सीयूमधली मतं सुरक्षित राहतात. तो सील करून जायचा असतो आणि मोजणीत दोन्ही सीयू मोजतात.

बॅटरीचा आकडा

विजेची गरज नाही ही या संचाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. गडचिरोलीतल्या पाड्यावर आणि मुंबईच्या इमारतीत तो सारखाच चालतो. सीयूला ८ व्होल्टचा पॉवर पॅक, व्हीव्हीपॅटला २२.५ व्होल्टचा.

पण बॅटरी दाखवण्याची पद्धत मात्र सुमार. पॅकचा दाब ७.४ व्होल्टच्या वर असेपर्यंत पडदा ९९ टक्केच दाखवतो. त्याखाली गेल्यावरच ९८ पासून उतरती गणना सुरू होते. कमी मतदान झालेल्या केंद्राचा सीयू त्यामुळे मोजणीच्या दिवशीही ९९ दाखवू शकतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणात याच आकड्यावरून तक्रारींचा धुरळा उडाला. आयोगाचं तांत्रिक उत्तर बरोबर होतं. पण ज्या यंत्रावर देशाचा विश्वास टेकलेला आहे, त्याच्या पडद्यावर दिवसभर वापरूनही ९९ हा आकडा दिसावा, ही रचनाकाराची बेफिकिरी आहे. ‘ठीक’, ‘बदला’ असे दोन शब्द पुरले असते.

चिठ्ठी चुकीची दिसली तर

निवडणूक नियमांतला ४९-एमए नियम यासाठी आहे. आपण दाबलं एक आणि चिठ्ठीवर आलं दुसरं, असं मतदार म्हणाला तर केंद्राध्यक्ष त्याच्याकडून लेखी निवेदन घेतो. खोटं निघालं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो हे आधी समजावतो. मग सगळ्यांसमोर चाचणी-मत टाकायला लावतो. तक्रार खरी निघाली तर मतदान थांबतं. खोटी निघाली तर ते चाचणी-मत १७-ए आणि १७-सी या मतांच्या हिशेबाच्या फॉर्ममध्ये नोंदवून हिशेबातून वजा करावं लागतं.

कागदावर चोख. पण पहिली चिठ्ठी पेटीत पडून गेलेली असते आणि चाचणीच्या वेळी यंत्र बरोबर वागलं, तर मतदाराकडे दाखवायला हातात काहीच उरत नाही. ज्याची नजर चुकली आणि ज्याला खरंच काही वेगळं दिसलं, त्या दोघांना हा नियम एकाच धमकीने हाकतो. सेवेच्या भाषेत सांगायचं तर तक्रार नोंदवण्याआधीच ग्राहकाला दंडाची पावती दाखवण्यासारखं आहे.

पाच केंद्रांची पडताळणी

२०१९ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या किंवा लोकसभेच्या विधानसभा विभागातल्या पाच केंद्रं सोडतीने निवडून त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. त्याआधी एकच केंद्र असायचं. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला १,००,१८६ केंद्रं होती. २८८ ने भागलं तर मतदारसंघामागे सुमारे ३५०. मोजली गेली २८८ गुणिले पाच, म्हणजे १,४४०.

हे पुरेसं आहे का, याचं उत्तर प्रश्न काय आहे यावर ठरतं. राज्यभर सगळ्या यंत्रांत एकाच धर्तीची गडबड असेल तर १,४४० केंद्रांच्या मोजणीतून ती सुटणं जवळपास अशक्य आहे. पण प्रश्न एकाच मतदारसंघाचा असेल तर गणित पार बदलतं. समजा ३५० पैकी ३५ केंद्रांत काही बिनसलेलं आहे. पाच केंद्रं सोडतीने निवडली तर त्यात त्या ३५ पैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के निघते. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा पडताळणी स्वच्छ दिसेल. पाच हा आकडा विजयाचं अंतर दोनशे मतांचं असो की लाखाचं, तोच राहतो; पडताळणीची सगळ्यात कमकुवत जागा हीच. अंतर कमी तितकी केंद्रं जास्त, असं सूत्र ठेवलं तर बहुतेक जागी कामही वाढणार नाही. निम्म्या चिठ्ठ्या मोजल्या तर निकाल पाच-सहा दिवस लांबेल, असं आयोगाने २०१९ मध्ये न्यायालयात सांगितलं होतं. पण अटीतटीच्या मोजक्या जागी चिठ्ठ्या मोजायला कोणाचे पाच दिवस जाणार नाहीत.

उमेदवाराला दोन दारं उघडी आहेत. नियम ५६-डी खाली त्याला निकाल जाहीर होण्याआधी चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करता येतो. मान्य करायचा की नाही हे तो अधिकारी ठरवतो, आणि मोजल्या तर सीयू व चिठ्ठ्यांत फरक पडल्यास चिठ्ठ्यांचा आकडा धरला जातो. दुसरं दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने उघडलं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निवडणुकीच्या निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून ५ टक्के संचांची मेमरी अभियंत्यांकडून तपासून घेता येते. त्या वर्षी एका संचाला ४०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये आकारले. गडबड सापडली तर पैसे परत. २० संच तपासायचे तर साडेनऊ लाखांच्या घरात. अपक्षाने तिकडे फिरकूच नये, असा हा दर होता. आणि १७,००० च्या यंत्राच्या तपासणीला ४७,००० का, हा हिशेब कोणत्याही गॅरेजवाल्याला पटवून दाखवावा.

बाहेरगावचे ग्राहक आणि घरचा धाकटा भाऊ

ही यंत्रं आफ्रिकेतही गेली. नामिबियाने २०१४ मध्ये भारतीय ईव्हीएमवर निवडणूक घेतली, कागदी पुराव्याविना. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा नसलेल्या यंत्राचा वापर घटनाविरोधी ठरवला. हाच आडाखा घेऊन घरी यावं. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे हा संच नसतो. बहुसदस्यीय प्रभागात एका मतदाराला तीन-चार जागांसाठी वेगवेगळी बटणं दाबायची असतात, जागांच्या मतपत्रिकांचे रंग वेगळे असतात आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नसते. पाच वर्षांत एकदा येणाऱ्या आमदाराच्या मताला पावती दिसते, आणि नळाला पाणी सोडणाऱ्या नगरसेवकाच्या मताला दिसत नाही. मतदारांना चार मतं एका दमात द्यायची हेही अनेकदा उमगत नाही. दोन बटणं दाबून माणूस निघून जातो आणि तिसरा अधिकारी मागून हाका मारत बसतो.

संध्याकाळ

सहाला रांगेत उभे असलेल्या सगळ्यांना मत देता येतं. त्यांना चिठ्ठ्या वाटायच्या त्या शेपटाकडून: रांगेतल्या शेवटच्या माणसाला क्रमांक एक. पुढून वाटत गेलात तर वाटप संपेपर्यंत मागे नवीन माणसं चिकटतात.

शेवटच्या मतदारापाशी एक अडचण हमखास कुठेतरी येते. तिसऱ्या अधिकाऱ्याने बॅलट बटण दाबलेलं असतं, ‘बिझी’ दिवा लाल असतो आणि तो माणूस मत न देताच निघून जातो. दिवसा असं झालं तर पुढचा मतदार ते मत वापरतो. शेवटी झालं की क्लोज बटण काम करत नाही आणि पथक घामाघूम होतं. उपाय साधा आहे: सीयूचा पॉवर स्विच बंद करायचा, व्हीव्हीपॅटची वायर सीयूतून काढायची, सीयू पुन्हा चालू करायचा. बिझी दिवा विझतो आणि क्लोज दाबता येतं. हे एक वाक्य सीयूच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं का नाही, कळत नाही.

क्लोज दाबल्यावर पडद्यावर एकूण मतं येतात. तो आकडा, १७-ए मधली मतदारसंख्या, मत द्यायला नकार दिलेले आणि चाचणी-मतं यांचा मेळ १७-सी मध्ये घालायचा. दुसऱ्याने आधीच नावावर मत टाकून गेलं म्हणून कागदी प्रदत्त मतपत्रिका दिलेले लोक या बेरजेत येत नाहीत. नवखे केंद्राध्यक्ष इथे हटकून एक-दोनने चुकतात. १७-सीची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची असते, मागितली नाही तरी. प्रतिनिधी मात्र दमून साडेपाचलाच घरी गेलेले असतात, आणि मोजणीच्या टेबलावर सीयूचा क्रमांक, हिरव्या मोहोरेचा क्रमांक आणि एकूण मतं ताडून पाहायला त्यांच्या उमेदवाराकडे कागद नसतो.